शेवटचं नाव

अद्वैत साहेबांनी लाल अ‍ॅप्रन आणला तेव्हा त्यांना वाटलं असणार की आता आम्ही पळत सुटू. खरं सांगायचं तर थोडे दिवस आम्ही पळालोही.

आमची कंपनी बियाण्यांची, जालन्याच्या एमआयडीसीत. मोठ्या कंपन्यांच्या भिंतींमध्ये अंग चोरून उभी असलेली. निवडणीच्या हॉलमध्ये आम्ही सगळ्या बायाच. पोत्यातलं बी ट्रेमध्ये ओतायचं, फुटकं, पोचट, डागी बी बाजूला काढायचं आणि चांगलं बी वजनकाट्यावर नेऊन द्यायचं. काट्यावर मी बसायचे. मी वंदना, हॉलची सुपरवायझर. आधी मीही टेबलावरच होते. हात चांगला चालायचा आणि तोंड त्याहून चांगलं चालायचं, म्हणून अण्णांनी मला काट्यावर बसवलं असं सगळ्या म्हणतात. म्हणू देत.

अण्णा म्हणजे नरहरराव, कंपनीचे मालक. ते देवमाणूस वगैरे होते असं कुणी मला सांगू नये. पगाराला टंगळमंगळ करायचे. सकाळी हॉलमध्ये शिरले की बोलणं सुरू, बी निवडायला बसल्यात का कुणाच्या हळदीला बसल्यात, इथपासून. एकदा त्यांनी भरलेला ट्रे उचलून जमिनीवर आपटला होता आणि सगळं बी आम्हालाच वेचावं लागलं होतं. मी त्या दिवशी त्यांना जेवढं मनात बोलले तेवढं कुणाला बोललेले नाही. पण संध्याकाळी दारात उभे राहून ते एकच विचारायचे, "हॉल झाला का?" झाला म्हटलं की निघून जायचे. कुणी किती केला, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

आणि आम्हालाही ते कधी मोजावंसं वाटलं नाही, कारण आम्ही पातीवर वाढलेल्या बाया. माझं माहेर कुंभार पिंपळगावचं. माझी आई साळूबाई मला खुरपायला न्यायची तेव्हा पहिली गोष्ट तिनं शिकवली ती ही. रानात उतरलं की प्रत्येकीनं आपापली पात धरायची, म्हणजे आपल्या वाट्याची ओळ. जिची पात आधी संपेल तिनं बांधावर जाऊन बसायचं नाही. मागं राहिलेल्या बाईच्या पातीला समोरच्या टोकानं लागायचं आणि खुरपत तिच्याकडं यायचं. मध्ये कुठंतरी दोघींची खुरपी भेटतात. मग सगळ्या मिळून रानाबाहेर. मागं एकटी बाई ठेवून निघून येणारीला आमच्याकडं पुन्हा कुणी सोबत नेत नाही.

हॉलमध्येही तसंच चालायचं. जिचा ट्रे संपला ती शेजारणीच्या ट्रेमध्ये हात घालायची. शिवाय जल्दी संपवून जाणार कुठं? आम्हाला गावोगाव सोडणारी काळीपिवळी जीप सगळ्या बसल्याशिवाय हलतच नाही.

या सगळ्यात दैवशाला हळू. तिची बाजू घ्यायची म्हणून मी खोटं बोलणार नाही. ती बारकाईनं काम करते म्हणून वेळ लागतो, असलं काही नाही. ती हळूच आहे. भाकरी हळू खाते, जिना हळू चढते, हसायचं असलं तरी बाकीच्यांचं हसून झाल्यावर हसते. चतुराबाई, आमच्यातली सगळ्यात वयस्क, तिला म्हणायची, दैवशाला, तू जन्माला यायला पण टाइम घेतला असशील. दैवशाला त्यावर हसायची, अर्थात थोड्या वेळानं. नवरा वारल्यापासून घरात कमावणारी ती एकटी आणि मुलगी नर्सिंगला. ही नोकरी गेली तर मुलीचं शिक्षण त्याच दिवशी थांबणार होतं, हे हॉलमधल्या प्रत्येकीला माहीत होतं.

अण्णांची तब्येत बिघडली आणि त्यांचा मुलगा पुण्याची नोकरी सोडून आला. अद्वैत साहेब गोड माणूस. आवाज चढवणार नाहीत, सगळ्यांना ताई म्हणणार, चहा स्वतःच्या हातानं पुढं करणार. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की आपण सगळे एक फॅमिली आहोत. चतुराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. शिव्या खाऊन कान किटलेल्या माणसाला ताई म्हटलं की तसं होतं, माझंही थोडं झालंच.

मग प्रत्येकीला नंबर मिळाला. निवडलेला ट्रे काट्यावर आला की मी त्या बाईच्या नंबराचं बटण दाबायचं आणि भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर तिचा आकडा वाढायचा. शनिवारी जी सगळ्यात पुढं तिला हिरवा अ‍ॅप्रन आणि गेटवर फोटो. जी सगळ्यात मागं तिला पुढचा आठवडाभर लाल. आणि लागोपाठ तीनदा लाल आला तर, साहेब अगदी हळुवार आवाजात म्हणाले, आपण समजून घेऊ की हे काम त्या ताईंसाठी नाही. फॅमिलीतल्या माणसाला इतक्या प्रेमानं दार दाखवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी त्याच दिवशी वर काचेच्या केबिनमध्ये गेले. साहेबांना पातीचं सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, मान हलवली, खूप सुंदर प्रथा आहे म्हणाले. पण त्यात जबाबदारी कुणाचीच राहत नाही, ज्या जास्त काम करतात त्यांच्यावर अन्याय होतो, असं त्यांचं म्हणणं. ज्या जास्त काम करतात त्यांना एकदा विचारून तरी बघा, असं मी म्हटलं. त्यावर ते नुसते हसले. गोड माणसाशी भांडता येत नाही, ही त्याची सगळ्यात मोठी पंचाईत.

पहिल्या शनिवारी हिरवा बेबीनंदाला आला. ती तरणी, चटपटीत, बोटं यंत्रासारखी चालणारी. लाल दैवशालाला. साहेबांनी तो अ‍ॅप्रन घडी उलगडून तिच्यापुढं धरला आणि तिचा हात पुढं येईना. साहेबांना वाटलं, तिला हरल्याची लाज वाटली. म्हणाले, ताई, याला शिक्षा समजू नका, प्रेरणा समजा. त्यांना काय माहीत? नवरा गेल्यापासून दैवशालानं लाल रंग अंगाला लावला नव्हता. तिच्यावर कुणी सक्ती केली नव्हती, आम्ही तर उलट घाल म्हणायचो. तिचं तिनंच ठरवलं होतं. सगळ्यांदेखत तिनं तो गळ्यात अडकवला, नाडी बांधली आणि टेबलाकडं गेली. माझ्या अंगाची नुसती आग आग झाली.

त्यानंतर हॉल बदलला. कुणी सांगितलं नाही, भांडण झालं नाही, नुसता बदलला. शेजारणीच्या ट्रेत जाणारा हात आपोआप थांबला. कमी कचऱ्याचं पोतं आपल्याला मिळावं म्हणून सकाळी ओढाओढ सुरू झाली आणि सगळ्यात खराब पोतं सरकत सरकत दैवशालाच्या पायाशी यायला लागलं. दुपारी सगळे डबे मध्ये ठेवून आम्ही गोल बसायचो, ते बंद झालं. ज्या त्या बाईनं आपल्या टेबलाशीच चार घास गिळायचे आणि पुन्हा ट्रे ओढायचा. बेबीनंदाचा फोटो गेटवर लागला तेव्हा तिच्याशी एकही जण धड बोललं नाही. अण्णा आमच्यावर ओरडायचे, पण या साहेबांनी न ओरडता आम्हाला एकमेकींवर ओरडायला लावलं.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा लाल दैवशालालाच. आणि त्याच आठवड्यात मंठ्याच्या एका दुकानदाराकडून माल परत आला. कारल्याच्या बियाण्यात भलत्याच वाणाचं बी निघालं होतं. पोती ठेवताना गोदामात घोटाळा झाला होता. पण ते बी दिसायला इतकं वेगळं की आमच्यापैकी कुणाच्याच नजरेला आलं नसेल, हे शक्य नव्हतं. मी चतुराबाईला बाजूला घेतलं. तिनं लपवलं नाही.

"दिसलं होतं मला," ती म्हणाली. "सांगायला उठले असते तर माझा ट्रे मागं पडला असता. मंग लाल कोणाला आला असता? या वयात मला कोण काम देऊन राह्यलं?"

ही तीच चतुराबाई, जी आधी एक वेगळा दाणा दिसला तरी सगळा हॉल डोक्यावर घ्यायची. मी तिला काय बोलणार? मी वर जाऊन साहेबांना मात्र बोलले. हे अ‍ॅप्रन आल्यापासून माणसं खाली मान घालून बसतात, मान वर करणंच महाग झालंय, माल असाच परत येत राहील, असं स्पष्ट सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन दिवसांनी हॉलमध्ये आणखी एक कॅमेरा लागला.

तिसरा आठवडा सुरू झाला. दैवशाला त्या लाल अ‍ॅप्रनमध्ये यायची, बसायची, निवडायची. घाई करायला गेली की चांगलं बीही कचऱ्यात जायचं, मग ते पुन्हा वेचायचं, की आणखी मागं. स्क्रीनवर तिचा आकडा बघवत नव्हता. शनिवारी ती जाणार, हे ठरल्यासारखंच होतं. मुलीला काय सांगायचं याची ती तयारी करत असावी, कारण काम करताना तिचे ओठ नुसते हलायचे.

मग बेबीनंदा उठली. तिच्याकडून मी कशाचीही अपेक्षा केली नव्हती. तिच्या अंगावर हिरवा अ‍ॅप्रन होता, दिवाळीला साहेब हिरव्यावाल्यांना मिक्सर देणार अशी बोलवा होती आणि मिक्सर तिला हवाच होता. ती भरलेला ट्रे घेऊन काट्यावर आली. मी तिच्या नंबरावर बोट नेलं तर म्हणाली, "माझ्या न्हाई. दैवशालाबाईच्या नावावर टाका."

मी विचारलं, का गं?

"दोन आठवडे झाले, ताई, मी एकटी जेवून राह्यले," ती म्हणाली. "गाडीत पण माझ्याशेजारी कोणी बसत न्हाई. एवढ्याशा हिरव्या फडक्यासाठी? मला न्हाई पाहिजे."

वर काचेत साहेब फोनवर बोलत होते. माझ्या डोक्यावर नवा कॅमेरा होता. बटण दाबलं तर माझी खुर्ची जाणार, हे मला कळत होतं. ती खुर्ची मला आवडत होती, हेही सांगते. घरी, गावात, माहेरी, सगळीकडं मी सुपरवायझर होते. पण माझ्या आईनं मला जे शिकवलं ते ही कार्टी मला शिकवून राहिली होती आणि मी हातातल्या बटणाचा विचार करत होते. मला माझाच राग आला. मी दैवशालाचा नंबर दाबला, चांगला जोरात.

पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही. चतुराबाई आपला ट्रे घेऊन आली आणि स्क्रीनकडं बघून म्हणाली, ज्याचं कमी असंल त्याच्यावर टाक. मग सगळ्याच तसं म्हणायला लागल्या. दुपारी कुणीतरी आपला डबा उचलून मध्ये ठेवला, बाकीचे डबे त्याच्याभोवती आले. बेबीनंदाला चतुराबाईनं हाताला धरून शेजारी बसवलं आणि तिच्या भाकरीवर ठेचा वाढला. शनिवारी संध्याकाळी स्क्रीनवर सगळ्यांचे आकडे एका रांगेत उभे होते. पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही. आणि हॉलचा एकूण माल मागच्या दोन्ही आठवड्यांपेक्षा जास्त झाला होता.

साहेबांनी मला वर बोलावलं. कोपऱ्यात अण्णाही बसले होते, आजारानं निम्मे झालेले, हातात बिनसाखरेचा चहा. साहेबांनी विचारलं, हे असं कसं झालं? मी सांगितलं की बटण मीच दाबलं. कॅमेऱ्यात दिसेलच, तुम्हाला शोधायचा त्रास नको.

साहेबांचा चेहरा पहिल्यांदा जरा लाल झाला. पण आवाज तोच, मऊ. ही फसवणूक आहे, ते म्हणाले.

"कोणाची फसवणूक झाली?" मी विचारलं. "बी खोटं हाय का? वजन खोटं हाय? माल तर जास्त गेला. सगळ्यांनी बराबर केला, बराबर लावला."

"वंदनाताई, मला वाद नकोय. सिस्टिमला एक नाव लागतं. तुम्ही रोज त्यांना बघता. सगळ्यात मागं कोण आहे, तेवढं सांगा. मी बाकी काही विचारणार नाही."

मी अण्णांकडं पाहिलं. मला वाटलं होतं, म्हातारा निदान त्याचा तो जुना प्रश्न तरी विचारेल. एकदाच म्हणेल, हॉल झाला का? अण्णा चहाकडं बघत राहिले. मग, जाऊ दे रे अद्वैत, असं काहीतरी पुटपुटले आणि तेवढ्यावरच थांबले. आमच्यावर ट्रे आपटणाऱ्या माणसाचा पोरापुढं एवढाच आवाज निघाला.

"साहेब," मी म्हटलं, "रानातून सगळ्या संगच निघाल्या. मागं कोणी राहिलंच न्हाई, तर मी नाव कोणाचं सांगू? आणि राहिलं असतं तरी मी सांगितलं नसतं."

"मग मला तुमचं नाव लिहावं लागेल."

"लिहा. स्पेलिंग मी सांगू का?"

हे शेवटचं बोलायला नको होतं असं नवरा घरी म्हणाला. मला तर तेच बोलल्याचा सगळ्यात जास्त आनंद आहे.

सोमवारी माझी खुर्ची गेली. काट्यावर साहेब स्वतः येऊन बसले, ज्याचा ट्रे त्याचाच नंबर, असं सगळ्यांना नीट समजावून. आणि लाल अ‍ॅप्रन मला. दैवशालानं तो धुऊन, घडी करून आणला होता. माझ्या गळ्यात अडकवताना म्हणाली, ताई, तुम्हाला लाल चांगला दिसतो. मी म्हटलं, दिसणारच, माझं लग्नातलं पातळ पण लालच होतं. ती हसली, आणि या वेळेस लगेच हसली.

मी टेबलावर बसले. बोटं चालेनात. किती वर्षं मी दुसऱ्यांचे ट्रे तोलले, आपल्या हाताला काय झालंय ते कळलंच नव्हतं. फुटकं बी दिसायला वेळ, उचलायला वेळ. दुपार झाली तरी माझा ट्रे तसाच. हॉलमध्ये सगळ्यात मागं आता कोण, हे सांगायला स्क्रीनची गरज नव्हती. साहेब काट्यावरून माझ्याकडं बघत होते. त्यांच्या नजरेत वाईट काही नव्हतं. मला तर त्यांना माझी दया आल्यासारखी वाटली आणि त्याचीच जास्त चीड आली.

जेवणं झाल्यावर कुणाचं तरी स्टूल फरशीवर ओढल्याचा आवाज आला. मान वर केली तर दैवशाला. तिनं आपलं स्टूल माझ्या टेबलाच्या पलीकडं आणून ठेवलं, बसली आणि माझ्या ट्रेच्या समोरच्या टोकाला हात घातला. तिचा स्वतःचा ट्रे अजून अर्धा होता. मी तिला म्हटलं, बाई, आधी तुझं बघ. तिनं मागं मान वळवून दाखवलं. तिच्या ट्रेत बेबीनंदाचा हात होता. बेबीनंदाच्या ट्रेत चतुराबाईचा.

साहेबांनी काट्यावरून सांगितलं की ताई, प्लीज, आपापल्या जागी. कुणी उठलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं. हात चालूच राहिले. दैवशाला तिकडून येत होती, मी इकडून जात होते, दोघी हळूच. ट्रेच्या मध्यावर तिची बोटं माझ्या बोटांना लागली तेव्हा मला रानात आईच्या खुरप्याला माझं खुरपं लागायचं ते आठवलं आणि डोळे भरून आले. बी निवडताना डोळ्यांत पाणी चालत नाही, म्हणून बाहीला पुसलं.

संध्याकाळी सगळ्या ट्रे घेऊन उठल्या. काट्यापुढं रांग लागली नाही. सगळ्या गोल करून उभ्या राहिल्या, हातात भरलेले ट्रे. साहेब म्हणाले, एकेक करून या. कुणी हललं नाही. पहिली कोण, त्यांनी विचारलं. जी पहिली जाईल तिच्यामुळं कुणीतरी शेवटची होणार, एवढं आम्हाला कळत होतं. बाहेर काळीपिवळीवाल्यानं हॉर्न दिला. साहेबांनी घड्याळ पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला.

"तुमची गाडी निघून जाईल, ताई," ते म्हणाले.

तेव्हा दैवशाला बोलली. आमच्या हॉलमध्ये इतकी वर्षं असून मालकाच्या तोंडावर तिनं उच्चारलेलं हे पहिलं वाक्य.

"न्हाई जात, साहेब," ती म्हणाली. "गाडी सगळ्यांना घेऊनच निघती."

बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. मी लाल अ‍ॅप्रनला हात पुसले, ट्रे कमरेवर टेकवला आणि तिच्या शेजारी उभी राहिले.